भावजींचे लाल कंदील

अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात भाजी घेत होतो. "रे, तुझो भावजी गेलो," एवढेच ती म्हणाली. मी काहीतरी विचारले असेल, काय ते आठवत नाही. भाजीवालीने पिशवी पुढे केली, मी ती घेतली आणि तसाच बसस्टँडकडे चालू लागलो. अक्काच्या गावी, चोपड्याला पोहोचेपर्यंत ती भाजीची पिशवी माझ्या हातात होती. शोक म्हणावा असे मला काही जाणवत नव्हते. बस नदीच्या जवळ आली तसे मनात एकच आले, की आता हे मी त्यांना कधीच सांगू शकणार नाही. आणि खरे सांगायचे तर त्या विचाराने, क्षणभरच, मला सुटल्यासारखे वाटले. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी एकदाच वाटली होती.

बाराव्या दिवशी घरात माणसे जमली होती. जेवणे उरकल्यावर सुलभा, माझी भाची, भावजींची एकुलती एक मुलगी, मला म्हणाली, "मामा, तुम्ही मास्तर. बाबांबद्दल दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. कष्टाळू होते, कमी बोलायचे, कुणाचे वाईट चिंतले नाही... कुठल्याही माणसाबद्दल बोलता येईल असे सगळे बोललो आणि खाली बसलो. मग शेजारचा एक म्हातारा प्रेमानेच म्हणाला, "माणूस सोन्यासारखो. पण इसराळू. एकदा कंदिलात तेल घालूक इसारलो आणि बरी चाललेली नोकरी घालवलान." दोघेचौघे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हते, जुनी ओळखीची गोष्ट निघाल्यावर माणसे हसतात तसे ते हसले. सुलभाने मान खाली घातली. त्या वेळी मी पुन्हा उठून उभे राहायला हवे होते. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी प्यायलो. निघताना सुलभा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पेपरात लिहाल का बाबांवर? तुमचं छापतात." हो म्हणालो. हे लिहिणे त्या हो म्हणण्यामुळे आहे.

माझे भावजी शांताराम मूळचे बांद्याच्या पलीकडचे, सावंतवाडीच्या बाजूचे. कामासाठी गोव्यात आले आणि रस्त्यांच्या कंत्राटदाराकडे मजुरी करता करता मुकादम झाले. अक्काशी लग्न झाल्यावर त्यांनी चोपड्याला नदीपासून थोड्या वर दोन खोल्यांचे घर बांधले. आमचे घर कोरगावला. वडिलांची थोडी शेती, वर डोंगरावर काजू. मला म्हापशाला कॉलेजात घातले तेव्हा रोज कोरगावहून जाणे जमणार नव्हते, म्हणून मी अक्काकडे राहिलो. सकाळी फेरीबोटीने शिवोलीला, तिथून बस. तीन वर्षे मी त्या घरात जेवलो. भावजी स्वतः जेमतेम सही करणारे, पण मी वाचत बसलो की घरात मोठ्याने बोलायचे नाहीत. आणि मी कॉलेजातल्या मित्रांना सांगत असे, की माझे भावजी रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहेत. मुकादम हा शब्द माझ्या तोंडातून निघत नसे. एकदा म्हापशाच्या बाजारात ते अंगावर डांबराचे डाग असलेल्या कपड्यांनी समोरून आले आणि मी दुकानात शिरलो. त्यांनी पाहिले असावे. घरी आल्यावर त्यांनी काही विचारले नाही.

त्यांच्या कामातली मला सगळ्यात कळलेली गोष्ट म्हणजे कंदील. रस्ता रुंद करायचा किंवा पाणी जायला रस्त्याखालून मोरी घालायची तर अर्धा रस्ता खणायचा आणि उरलेल्या अर्ध्यावरून वाहने सोडायची, अशी तेव्हाची रीत. खणलेल्या बाजूला डांबराची रिकामी पिंपे चुना मारून उभी करायची, पिंपात दगड घालायचे आणि दिवस मावळला की पिंपांवर लाल काचेचे कंदील ठेवायचे. पुष्कळ ठिकाणी हे काम कुणावर तरी ढकललेले असे. एखादा कंदील लागे, एखादा नाही, काचेवर काजळी इतकी की लाल का काळे ते कळू नये. भावजींच्या कामावर असे कधी झाले नाही. त्यांच्याकडे आठ कंदील होते. रोज दुपारनंतर ते खोपीच्या सावलीत ते आठ कंदील ओळीने मांडून बसत. काच आधी राखेने आणि मग कागदाने पुसत, वात सरळ कापत, तेल भरताना टाकीवर बोट ठेवून आतला आवाज ऐकत. किती तेलात किती वेळ जळते हे त्यांना पक्के ठाऊक होते. थंडीच्या दिवसांत रात्र मोठी, तेव्हा थोडे जास्त.

एकदा मी त्यांच्याबरोबर कंदील ठेवायला गेलो होतो. मी आपला पहिला कंदील नेऊन खड्ड्याच्या काठावरच्या पिंपावर ठेवला. त्यांनी तो उचलला, माझ्या हातात दिला आणि रस्त्याने उलटे चालू लागले. पावले मोजत होते. बऱ्याच अंतरावर थांबून म्हणाले, "हय ठेव."

"इथे तर काहीच नाही," मी म्हणालो.

"म्हणानच. खड्डो दाखवक कंदील लावूचो नाय. खड्डो दिसता तेव्हा सायकलवालो खड्ड्यात असता. तेका हयसून कळाक व्हया, फुडे कायतरी आसा."

दोन्ही बाजूंनी असा एकेक पुढचा कंदील, मग वळणावर एक, मग काठाने बाकीचे. मी पदवीधर होणार होतो आणि हे साधे शहाणपण मला सुचले नव्हते, याचे त्या दिवशी थोडे हसू आले, थोडा रागही आला.

काच पुसायला लागणारा कागद म्हणजे मी विकत आणलेली वर्तमानपत्रे. "वाचून झालो पेपर? मगे हकडे दी," असे ते रोज म्हणत. ते राजभाषेच्या वादाचे दिवस होते. कोकणी की मराठी, यावर घराघरांत, चहाच्या दुकानांत, फेरीबोटीवर भांडणे होत. मी मराठीच्या बाजूचा. तावातावाने पत्रे लिहीत होतो आणि एक दिवस माझे पत्र छापून आले. भावजींनी ते मला मोठ्याने वाचायला लावले, अक्काला हाक मारून ऐकवले आणि तिसऱ्या दिवशी त्याच कागदाने कंदिलाची काच पुसली. मला ते लागले. मी म्हणालो, "भावजी, तुम्हाला या प्रश्नाचं काहीच नाही का?" त्यांनी काच उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "मी बोलतंय ती खयची भास, ता तूच सांग मरे. मगे मी त्या बाजून उभो रवतंय."  मालवणी, पेडणेकरी, थोडी कोकणी, थोडी मराठी, असे काहीतरी त्यांच्या तोंडी होते. आमच्या सगळ्यांच्याच तोंडी होते.

पदवी मिळाल्यावर मी कोरगावला परतलो. डिचोलीच्या एका शाळेत मास्तराची जागा होती, माझे नाव वर होते, मुलाखतही झाली होती. नेमणुकीआधी पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला यायचा होता. मी वाट बघत होतो. योगायोगाने त्याच दिवसांत कोरगावच्या रस्त्यावर, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, मोरीचे काम निघाले आणि भावजी तिथे मुकादम म्हणून आले. रात्री कामाच्या जागेवरच्या खोपीत झोपत, सकाळी आमच्याकडे चहाला येत. गावात आम्हा तरुणांचा एक गट होता. मराठीसाठी एक दिवस रस्ते अडवायचे असे ठरले होते आणि त्या दिवशी आम्ही उजाडण्यापूर्वीच तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, दगड आणि फांद्या टाकून रस्ता बंद करणार होतो.

आदल्या संध्याकाळी मी मोरीकडून जात होतो. भावजी खोपीपुढे कंदील मांडून बसले होते, खांद्यावर कांबळे होते आणि हात कापत होता. ताप चांगलाच चढला होता. तरी एकेका कंदिलाचे झाकण उघडत होते, तेल काठापर्यंत ओतत होते, झाकण लावून फडक्याने बाहेरचा ओघळ पुसत होते. एका कंदिलाची वात त्यांना पसंत पडेना, ती त्यांनी दोनदा कापली. मी म्हणालो, "भावजी, तुम्ही आमच्या घरी जाऊन झोपा. मी थांबतो इथे." त्यांनी आधी ऐकले नाही. स्वतः आठही कंदील पेटवले, पावले मोजत जागेवर ठेवले आणि परत येऊन खोपीच्या खांबाला टेकून उभे राहिले.

"आजची रात तू बघशीत?"

"बघतो की."

"तेल उजाडासर पुरात. मदी एकदा फेरी मार, वाऱ्यान एखादो इझता."

"तुम्ही निर्धास्त जा."

ते गेले. मी खोपीत बसलो आणि एक फेरीही मारली, हे मी स्वतःला पुढे कित्येकदा सांगितले आहे. पहाटेच्या आधी गटातले मित्र मला न्यायला आले. रस्ता अडवायची सगळी तयारी होती, पण एक म्हणाला, काळोखात कुणी मोटरसायकलवाला येऊन आपल्या दगडांवर आदळला तर काय? लाल दिवा पाहिजे होता.  दुसऱ्या कुणी सुचवले नाही, मीच म्हणालो, "कंदील आहेत. तासाभरात परत आणून ठेवू." आम्ही आठही कंदील उचलले. आमचे दगड कुणाला लागू नयेत म्हणून खड्डा काळोखात ठेवला... हे आता लिहिताना जसे दिसते तसे तेव्हा दिसले नव्हते. पुढच्या कंदिलाची जागा, पावले मोजून ठेवलेली, मला माहीत होती म्हणून तोही लगेच सापडला.

तिठ्यावर जेमतेम दगड रचले असतील, तेवढ्यात पोलिसांच्या जीपचा आवाज आला. कंदील विझवले आणि जो तो हातातले घेऊन काजूंच्या डोंगरात पळाला. मी मित्रांना गाठून सगळे कंदील गोळा केले आणि वरच्या वाटेने खोपीकडे आलो. डोंगरातून यायला वेळ लागला. विचार असा होता की पटकन पेटवून जागेवर ठेवावे. खोपीत कंदील टेकवत होतो आणि खाली मोरीत सायकल पडल्याचा आवाज आला. मग माणसाचा.

तो इनास पोदेर होता, आमचा पाववाला. चोपड्याच्या अलीकडे त्याची भट्टी होती आणि रोज फटफटायच्या आत तो सायकलवर पावांची टोपली घेऊन कोरगावला यायचा. त्याच्या भोंग्याने आमचे गाव जागे व्हायचे. मी खाली उतरलो तेव्हा तो मोरीच्या दगडांवर वाकडा पडला होता, आणि चिखलात टोपलीतले पाव, उंडे, पोया सगळीकडे विखुरल्या होत्या. "पांय... म्हजो पांय..." एवढेच तो म्हणत होता. मी त्याला काखेत धरून वर ओढले आणि ओरडून माणसे बोलावली. लोक धावत आले. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, पोरगा वेळेवर धावला म्हणून निभावले. मी तो हात झटकला नाही.

उजाडल्यावर कंत्राटदाराचा माणूस आला, मागोमाग पोलीस हवालदार. भावजी कांबळे पांघरून आमच्या घरून चालत आले. ते आधी पिंपांच्या ओळीकडे बघत उभे राहिले. मग खोपीत गेले. मी दारात होतो. त्यांनी एक कंदील उचलून कानाशी हलवला. आत तेल अजून डुचमळत होते. झाकण उघडून आत पाहिले, पुन्हा लावले. मग माझ्याकडे पाहिले. माझ्या हाताला काजळी होती, सदऱ्यावर तेल सांडले होते. त्या पाहण्यात राग असता तर मला आयुष्य सोपे गेले असते. ते नुसते, एखादा हिशेब जुळतो की नाही असे बघावे तसे माझ्याकडे बघत होते.

बाहेर हवालदाराने विचारले, "दिवे कुणी लावायचे?"

"मी, सायब."

"मग?"

भावजींनी कांबळे खांद्यावर सारखे केले. "लावलेले होते. तेल घालूक इसारलंय. इझले ते खोपीत आणून ठेवलंय, आंगात ताप होतो म्हणान हेंच्या घरात जावन पडलंय."

मी पाच पावलांवर उभा होतो. कंत्राटदाराचा माणूस सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलला. "इतकी वर्षं काम करतोस आणि तेल घालायला विसरतोस?" भावजी म्हणाले, "चुकलंय." ज्या माणसाने आदल्या संध्याकाळी कापऱ्या हाताने दोनदा वात कापली होती, तो हे म्हणाला. माझे तोंड उघडले नाही. वडील तिथे होते, हवालदार होता, माझा दाखला अजून यायचा होता. हे सगळे त्या पाच पावलांच्या अंतरात मी विचारात घेतले, म्हणजे गोंधळून गप्प राहिलो असेही म्हणण्याची सोय नाही.

त्याच आठवड्यात भावजींना कामावरून काढले. पोलिसांनी ताकीद देऊन सोडले. मी स्वतःला समजावले की बोललो असतो तर मराठीवाल्यांनी कोकणी बोलणाऱ्याचा पाय मोडला असे झाले असते, गावात आग लागली असती. तसे झालेही असते कदाचित. पण मी त्या आगीसाठी गप्प बसलो नव्हतो. महिनाभरात नेमणुकीचे पत्र आले.

इनासचे मांडीचे हाड मोडले होते. भट्टी त्याची बायको सांभाळी, पण पाव घेऊन फिरायला कुणी नव्हते. त्याला इस्पितळातून घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी भावजी त्याच्या घरी गेले, वाकडी झालेली सायकल दुरुस्त करून घेतली आणि तिसऱ्या दिवसापासून पहाटे टोपली बांधून निघाले. चोपड्यापासून कोरगावपर्यंत. आमच्या वडिलांना हे फार लागले. जावई दारोदार पाव विकत फिरतो, हे त्यांना लोकांना तोंड दाखवण्यासारखे वाटेना. "तेका सांग, निदान आमच्या वाड्यार येव नको," असे ते अक्काला म्हणाले. भावजी आले तरी. मी बिछान्यात पडून असायचो आणि लांबून भोंगा ऐकू यायचा. मग आमच्या दारात सायकल थांबायची, आई पाव घ्यायची, आणि मी भिंतीकडे तोंड करायचो. डिचोलीला हजर व्हायच्या आदल्या दिवशी ते आत आले. माझ्या हातात कागदात बांधलेली गरम काकणे, म्हणजे बांगडीसारखे गोल पाव, दिली आणि म्हणाले, "नोकरी सांभाळून कर." सात-आठ महिने त्यांनी तो पाव फिरवला. इनास काठी घेऊन चालू लागला, पण सायकल त्याला पुन्हा जमली नाही. मग त्याचा पुतण्या आला आणि भावजींनी सायकल परत केली.

गावाने मात्र त्यांना सोडले नाही. बिनतेल मुकादम, हे नाव पडले ते पडलेच. सुलभा तेव्हा शाळेत जायला लागली होती. मुले तिला "बिनतेल मुकादमाचा चेडू", म्हणजे मुकादमाची पोर, म्हणायची. एकदा ती रडत घरी आली तेव्हा मी सुट्टीत तिथेच होतो. तिने बाबांना विचारले, "तुम्ही खराच इसारल्यात?" ते म्हणाले, "माणूस इसारता गे बाये." मी समोर बसून जेवत होतो. जेवण संपवले.

पुढे काही वर्षांनी त्यांना डिचोलीकडे काम मिळाले, खनिजाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर, साध्या मजुराचे. मुकादम दुसरा होता. एका संध्याकाळी मी दोन सहकारी शिक्षकांबरोबर त्या रस्त्याने चाललो होतो. रस्त्याच्या कडेला लाल मातीने माखलेले भावजी खडीची पाटी रिकामी करत होते. दुसरा एक गडी कंदील घेऊन आला आणि त्याने तो खड्ड्याच्या अगदी काठावर ठेवला. तो पाठमोरा झाल्यावर भावजींनी पाटी खाली ठेवली, कंदील उचलला, रस्त्याने मागे पावले मोजत आले आणि आमच्यापासून चार हातांवर तो टेकवला. वर बघितले तर समोर मी. त्यांनी मला ओळखले नाही असे दाखवले. माझी गैरसोय नको म्हणून. सहकाऱ्याने विचारले, "ओळखीचे आहेत का?" मी म्हणालो, "गावाकडचे आहेत." आणि पुढे गेलो. त्या मधल्या वर्षांत गोवा राज्य झाले, भाषेचा निकाल लागला, आमच्या गटातले मित्र आपापल्या उद्योगांना लागले. माझ्यापुरता निकाल त्या कंदिलाजवळ लागला होता.

कुणी विचारील, नंतर तरी का सांगितले नाहीस? एकदा प्रयत्न केला. त्यांच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो होतो. अक्का बाहेर होती. मी म्हणालो, "भावजी, त्या मोरीच्या रात्री..." त्यांनी डोळे उघडले. "तू किती वर्सा शाळेत शिकवलंस?" मी सांगितले. "मगे झाला तर," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. मला ते क्षमा केल्यासारखे वाटले आणि मी ती घाईने घेऊन टाकली. आता वाटते, ते दमले होते. मी सांगायचे ते त्यांना सांगून उपयोगच नव्हता, त्यांना ते ठाऊक होते. सांगायला हवे होते ते बाहेरच्या माणसांना.

बाराव्यानंतर मी इनासकडे गेलो. तो आता फार म्हातारा झाला आहे, भट्टी पुतण्या चालवतो. काठी मांडीवर आडवी घेऊन तो अंगणात बसला होता. मी सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि कोकणीत म्हणाला, "हांवें त्या सांजेर दिवे पळयल्ले. पाव दिवन घरा वतालों तेन्ना. आठूय पेटताले." म्हणजे आदल्या संध्याकाळी घरी जाताना आठही दिवे पेटलेले त्याने पाहिले होते. मग, "आनी सकाळीं तूं म्हाका काडूंक आयलो. तुज्या हातांक राकेलाचो वास येतालो."

मला बसवेना. मी विचारले, "मग कधी बोलला का नाहीस?"

"हांव उलयतलों आशिल्लों. शांताराम म्हाका म्हणालो, भुरगो शिकला, ताका नोकरी मेळटली." तो बोलणारच होता, भावजींनी त्याला थांबवले होते. त्याने काठी सरळ केली. "म्हाका कित्याक सांगता? म्हाका खबर आसा. ताच्या चलयेक सांग."

मला सगळे ठाऊक आहे, भावजींच्या मुलीला सांग, असे इनास म्हणाला, म्हणून हे लिहिले आणि छापायला देण्याआधी गेल्या रविवारी चोपड्याला घेऊन गेलो. सुलभा मला आत भावजींच्या खोलीत घेऊन गेली. ते गेल्यापासून त्या खोलीत काही हलवलेले नाही. खाट खिडकीला लावून आहे, उशाशी त्यांचा चष्मा आहे, आणि त्या खाटेवर घरातले कुणी बसत नाही. मी खुर्चीवर बसून वाचू लागलो. ती भिंतीला टेकून उभी होती. हवालदाराशी झालेले बोलणे वाचले तेव्हा तिने विचारले, "आईला ठाऊक होतं?" दारातून अक्का म्हणाली, "त्याच दिवशी सांगितल्यानी. माझ्याकडसून शपथ घेतल्यानी."

 सुलभा म्हणाली, "मी त्यांच्यावर चिडायचे. गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का, म्हातारपणी रोज विचारायचे मी त्यांना. तुम्ही विसरता म्हणायचे." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही, आई आणि खुद्द बाबा, तिघांनी मिळून माझ्या बाबांना विसराळू केलंत."

अक्का स्वयंपाकघरात निघून गेली. मी कागद गोळा करून उठलो. माफी मागण्याचे शब्द मी बसमध्ये जुळवून आणले होते, पण ते तिथे काढण्यासारखे नव्हते. मी एवढेच म्हणालो, "तू नको म्हणालीस तर छापायला देत नाही."

"द्या," ती म्हणाली. "नाव तुमचं पूर्ण घाला."

मी हो म्हणून दाराशी गेलो तेव्हा मागून तिने हाक मारली. ती त्या खाटेवर बसली होती, कडेला, पाय खाली सोडून. माझ्याकडे बघत नव्हती.

"मामा, ते परत वाचा. संध्याकाळचं. बाबा तेल ओततात ते."

मी खुर्चीवर बसलो, ते पान शोधले आणि वाचू लागलो... कांबळे, कापरा हात, एकेक झाकण. वात दोनदा कापली तिथे ती म्हणाली, "सावकाश." मी पुन्हा पहिल्यापासून, सावकाश वाचले.